वजिरांनंतरचा डाव

आपली तीन प्यादी फुकट वाटायला बाबांना फार आवडायचं, आणि ती घेणाऱ्याचं पुढे काय होतं हे बघायला त्याहून जास्त.

घरात पांढऱ्या सोंगट्या नेहमी त्यांच्या. यावर कधी चर्चा झाली नव्हती, तसं ठरूनच गेलं होतं. मुलीला पट कळायला लागला तेव्हापासून काळी बाजू तिच्या वाट्याला आलेली. लहानपणी एकेका चालीला ती इतका वेळ लावायची की बाबांनी तिचं नाव मुंगी ठेवलं. आता मुंगी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासत होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

डाव ठरलेला असे. दोघांची राजासमोरची प्यादी पटाच्या मध्यावर एकमेकांना भिडली की बाबा वजिरासमोरचं प्यादं पुढे ढकलत: घे. तिने घेतलं की त्याच्या शेजारचं: हेही घे. मग तिसरं. पुस्तकात याला डॅनिश गँबिट म्हणतात हे मुंगीला कॉलेजात गेल्यावर समजलं. घरात त्याला "उधळण" म्हणत. काळा खेळाडू मिटक्या मारत प्यादी गोळा करतो, आणि तेवढ्या वेळात पांढऱ्याचे दोन्ही उंट शेजारशेजारच्या तिरप्या रेषांवर येऊन बसतात, तोफांसारखे काळ्या राजाच्या घराकडे तोंड करून. मग वजीर निघतो. बाबाही त्याच हॉस्पिटलात कामाला होते, आणि तिथे त्यांना सगळे तोफकाका म्हणायचे ते यामुळेच.

"आयुष्यात एवढी एकच गोष्ट फुकट वाटली तुझ्या बापाने," आई स्वयंपाकघरातून म्हणायची. "तीही लाकडाची."

या उधळणीवर उतारा आहे, आणि तो अवघड नाही. तिन्ही प्यादी घ्यायची, पण ती सांभाळत बसायचं नाही. लगेच आपलं वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकून त्याच्या उंटासमोर ठेवायचं. तो मारतो. आपला घोडा बाहेर काढायचा. तो आणखी एक प्यादं मारून शह देतो, आपण राजानेच त्याचा उंट मारायचा, आणि तो आपला वजीर उचलतो. इथे नवख्याची छाती धडधडते. पण आपला उंट लांबून शह देतो, कोपऱ्यातला हत्ती त्याच वेळी त्याच्या वजिरावर रोखलेला असतो, आणि त्याला वजीर परत द्यावाच लागतो. धूर खाली बसल्यावर बघावं तर दोन्हीकडे सारखीच प्यादी, वजीर कुणाकडेच नाही, आणि तोफा विझलेल्या.

मुंगीने हे कॉलेजात असताना एकदाच खेळून दाखवलं होतं. बाबा पटाकडे बघत राहिले होते. मग म्हणाले, "याला काय खेळ म्हणायचं? भांडायला बोलावलं तर हा दाराशी चपला नीट लावत बसला!" नंतर दोन दिवस ते तिच्याशी धड बोलले नाहीत. तेव्हापासून घरात एक न बोललेला करार झाला. मुंगी प्यादी घ्यायची, घट्ट धरून ठेवायची, जीव मुठीत घेऊन पळायची, आणि बहुतेक वेळा मार खायची. बाबा खूश, आई खूश, रविवार आनंदात.

म्हणजे कितीतरी वर्षांत बाबांना वजिराशिवायचा डाव खेळताना कुणी पाहिलंच नव्हतं. याचा अर्थ मुंगीच्या लक्षात यायला उशीर झाला.

बाबा हॉस्पिटलचा बॉयलर चालवायचे. मुख्य इमारतीच्या पाठीमागे पत्र्याच्या छपराची खोली. तिथली वाफ शस्त्रक्रियेची हत्यारं उकळायला, स्वयंपाकघरात आणि लाँड्रीत जायची. लाँड्री भिंतीपलीकडेच होती, आणि लाँड्रीच्या डोक्यावर लहान मुलांचा वॉर्ड. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण परवाना असलेला दुसरा माणूस मिळेना म्हणून बाबांना दर वर्षी मुदतवाढ मिळायची. ती द्यायची की नाही हे देखभालीचा इंजिनिअर ठरवायचा. हा इंजिनिअर नवा होता, चाळिशीच्या आतला, हसतमुख. या वर्षीची मुदतवाढ आता तोंडावर आली होती.

त्याच सुमारास लाँड्रीतल्या मावशींनी मुंगीला जिन्याखाली गाठलं. मावशी लाँड्रीतल्या सगळ्यांत जुन्या, बाबांना "भाऊ" म्हणणाऱ्या.

"पोरी, भाऊंचं काही दुखतंय-खुपतंय का गं?"

"नाही. का?"

"काल चादरींच्या इस्त्रीला वाफच येईना. मी बघायला गेले, तर भाऊ वाफेच्या झडपांच्या दोन चाकांसमोर उभे. म्हणाले, मावशी, यातलं कुठलं आधी उघडू, तुम्हीच सांगा. मला वाटलं, करतायत थट्टा. मी म्हटलं, उजवं उघडा, तुम्ही उजव्या हाताने जेवता ना."

"मग?"

"मग काय, उघडलं की त्यांनी! मी सांगितलं म्हणून! पाइप असे धाडधाड वाजले की वरची पोरं किंचाळायला लागली." मावशींनी आवाज खाली आणला. "आणि काचेत पाणीही दिसत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, वरपर्यंत भरलंय, म्हणून दिसत नाही."



बॉयलरच्या तोंडावर एक उभी काचेची नळी असते. आतल्या पाण्याची पातळी त्या नळीत रेघ होऊन दिसते. तिची खोड अशी, की पाणी पार खाली गेलं तर रेघ दिसत नाही, आणि पार वर गेलं तरी दिसत नाही. भरलेली काच आणि रिकामी काच सारखीच दिसते. खरं काय ते बघायचं तर खालचा कॉक, म्हणजे छोटी तोटी, उघडायचा, पाणी येतं की कोरडी वाफ. हे तिला शाळेत असताना बाबांनीच दाखवलं होतं. आणि पाणी संपलेल्या, तापून लाल झालेल्या बॉयलरमध्ये कुणी घाबरून गार पाणी सोडलं तर काय होतं, तेही सांगितलं होतं. सांगताना त्यांनी दोन्ही हात हवेत उडवले होते, आणि ती हसली होती.

ती त्याच दुपारी खोलीत गेली. बाबा स्टुलावर बसून डब्यातलं खात होते. काचेत रेघ होती, मध्यावर, थरथरती. सगळं ठीक. मग ती बॉयलरच्या मागच्या बाजूला गेली. पाणी कमी झालं की आग आपोआप बंद करणारा एक स्विच तिथे असतो. त्याच्या फटीत औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घडी घालून घट्ट बसवलेला होता. स्विच आता पाणी असो नसो, आग चालूच ठेवणार होता.

"बाबा, हे कुणी लावलं?"

"काय? ते होय." त्यांनी हात झटकला. "सारखं आग बंद करायचं मेलं. उगाच. पोरांनी लावलं असेल."

त्या खोलीत पोरं नव्हती. मदतनीस सोडून गेल्यापासून बाबांखेरीज तिथे कुणीच नव्हतं.

तिने पुठ्ठा उपटून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी तिथे दुसरा होता, वेगळ्या औषधाचा.

घरी तिने आईजवळ विषय काढला. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वय झालंय त्यांचं. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात. मीही शोधते."

"चष्म्याचं नाही गं म्हणत मी."

"रविवारी तुला हरवलं की नाही? तू एवढी शिकलेली, आणि वीस मिनिटांत तुझा राजा कोपऱ्यात! डोकं फिरलेला माणूस असं खेळतो होय?" आईने चादर झटकली, जरा जास्तच जोरात. "नोकरी गेली तर ते घरात करतील काय, याचा विचार कर आधी."

मग मुंगी इंजिनिअरकडे गेली. त्याच्या टेबलावर जुने व्हॉल्व्ह, बिघडलेला पंखा आणि त्यांच्यामध्ये एक छोटा बुद्धिबळाचा पट होता. तिला वाटतंय ते तिने जपून सांगितलं: बाबा विसरतायत, गोंधळतायत, मुदतवाढीआधी एकदा डॉक्टरांना दाखवावं.

इंजिनिअर मोकळेपणी हसला. "काका गोंधळतायत? अहो, काल जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला लोळवलं. परवाही. तीन प्यादी दिली, मी म्हटलं वा, आज सुटलो, आणि पुढच्या दहा मिनिटांत माझा राजा घराबाहेर. मला हरवणारा माणूस विसरभोळा ठरला तर माझं काय? मला कुठे पाठवणार तुम्ही?"

"पण खोलीत..."

"ताई, म्हातारा बाप घरी बसावा असं प्रत्येक मुलीला वाटतं. माझ्या बहिणीलाही वाटायचं. त्यांच्याएवढं तल्लख डोकं या आवारात दुसरं नाही. मला काहीतरी दिसू द्या, मग बोलू."

पुठ्ठा तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात होता. टेबलावर ठेवला असता तर त्याच क्षणी काम झालं असतं. पण ते चौकशीचं काम झालं असतं. सुरक्षेचं यंत्र जाणूनबुजून निकामी केलं, असं वाक्य, आणि त्याखाली बाबांचं नाव. इतक्या वर्षांत ज्या माणसाच्या हातून एक झडप वाकडी झाली नव्हती, तो निष्काळजीपणासाठी हाकलला गेला असता. तिला बाबा त्या खोलीतून बाहेर हवे होते, पण आजारी माणूस म्हणून. गुन्हेगार म्हणून नव्हे. तिने हात खिशाबाहेर काढला तो रिकामाच.

तेव्हापासून रोज सकाळी आणि दुपारी ती बॉयलरच्या मागे जाऊन पुठ्ठा काढायची. येताजाता वरच्या वॉर्डाच्या खिडक्यांकडे तिची नजर जायची. एका खिडकीत कुणीतरी कागदाची चक्री लावली होती. चक्री फिरत असली तरी तिला बरं वाटायचं नाही, थांबलेली असली तरी नाही.

इंजिनिअरचं बोलणं मात्र तिच्या डोक्यातून जाईना. प्रयोगशाळेत यंत्राने उत्तर बरोबर दिलं म्हणून यंत्र बरोबर असतंच असं नाही. कधीकधी ते आधीचंच उत्तर पुन्हा छापत असतं. ते पकडायचं तर त्याला कधीच न दिलेला नमुना द्यावा लागतो. बाबांची उधळण म्हणजे पाठ केलेली गोष्ट. समोरचा घाबरून त्याच त्या चुका करतो, म्हणून पुढची पानंही पाठ. आई, ती, इंजिनिअर, सगळे त्या पाठांतराला डोकं समजत आले होते.

त्या रविवारी तिने करार मोडला.

तीन प्यादी घेतली, आणि वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. बाबांचा हात क्षणभर हवेत थांबला. मग त्यांनी ते मारलं. तिने घोडा काढला. त्यांनी शह दिला, तिने राजाने उंट मारला, त्यांनी तिचा वजीर उचलला. तिच्या उंटाचा शह. त्यांनी वजीर मध्ये घातला, तिने मारला, त्यांनी घोड्याने परत मारलं. सगळं झपाझप. हातांना वाट माहीत होती. तिला वाटलं, आपण चुकलो. सुटकेने रडू येईल असं वाटलं.

तिने हत्ती मधल्या रेषेवर आणला. त्यांचं मध्यावरचं प्यादं आता दुहेरी माऱ्यात होतं. करायचं होतं इतकंच, शेजारचं एक प्यादं एक घर पुढे सरकवून त्याला टेकू द्यायचा. नुकतं शिकलेलं मूलही करील.

बाबा पटाकडे बघत बसले. बाहेर कुणीतरी बादलीत पाणी भरत होतं, ती भरून वाहायला लागली. बाबांचा हात जिथे त्यांचा पांढरा उंट बसलेला असायचा त्या घरावर गेला. घर रिकामं होतं. बोटं तिथल्या लाकडावर फिरली.

"वजीर कुठे ठेवलास?"

"दोघांचेही गेले, बाबा. आत्ताच."

"कुणी मारला?"

"मी. आणि तुम्ही माझा."

"कधी?"

बाबा हसले, तोंड भरून, पाहुण्यांसमोर हसतात तसे, आणि त्या हसण्याने ती जितकी घाबरली तितकी आधी कशानेच घाबरली नव्हती. "मग ठेव की परत," ते म्हणाले. "त्याच्याशिवाय खेळायचं कसं?"

आई दारात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. ती आत गेली आणि बाहेरची बादली अजून वाहत असताना तिने घरातला नळ मोठा सोडला.

सोमवारी सकाळी मुंगी इंजिनिअरच्या टेबलासमोर जाऊन बसली. मनाशी तिने ठरवून टाकलं होतं: आज याला दिसलं नाही, तर संध्याकाळी पुठ्ठा टेबलावर.

"तुम्हाला काकांशी नीट खेळायचंय?" तिने विचारलं.

"म्हणजे जिंकायचंय?"

"नीट खेळायचंय." तिने पट ओढला. "तिन्ही प्यादी घ्या. लाजू नका. पण मग हे प्यादं पुढे टाका, तो मारील, मारू द्या. गँबिट खेळणाऱ्याला तुमची हाव हवी असते. ती दिली नाही की त्याची पंचाईत होते."

"आणि वजीर? माझा वजीर मारतोय तो!"

"मारू द्या. हा बघा शह. परत मिळाला."

इंजिनिअरने शीळ घातली. दोनदा स्वतः मांडून बघितलं. "सुंदर! आणि यानंतर? पुढे जिंकायचं कसं?"

"यानंतर घाई करू नका. हत्ती इथे आणा आणि फक्त बघा."

"काय बघू?"

"काकांकडे बघा. पटाकडे नको."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. या वेळी तो हसला नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिला निघायला उशीर झाला. तातडीचं रक्त आलं होतं, ते टाकून येता येईना. ती धावतच पोचली तेव्हा खोलीत डाव सुरू झाला होता. उलट्या डब्यावर पट, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला इंजिनिअर. बर्नर घरघरत होता. खोली रोजच्यापेक्षा गरम वाटत होती, आणि तापलेल्या तव्यासारखा वास येत होता. की धावत आल्यामुळे तसं वाटत होतं?

इंजिनिअरने तिसरं प्यादं घेतलं होतं. आता त्याने वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं.

बाबांनी पट पाहिला. मग इंजिनिअरला. मग सावकाश मान वळवून दारात उभ्या मुलीला. त्यांचे डोळे त्या क्षणी अगदी स्वच्छ होते.

"हे तुझं नाही," ते इंजिनिअरला म्हणाले. "हे मुंगीचं आहे."

बाबांना डाव तिथेच उधळता आला असता. पण त्यांनी प्यादं मारलं. शह दिला. वजीर उचलला, वजीर गमावला. घोड्याने मारलं. हात चालत राहिले आणि मग थांबले. इंजिनिअरने हत्ती मध्यावर आणून ठेवला, हात मांडीवर घेतले, आणि तिने सांगितलं होतं तसं तो बघत बसला.

बाबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी एका प्याद्याला बोट लावलं, काढलं. हत्तीला लावलं, काढलं. ओठ हलत होते. बघता बघता चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं, खोलीतून माणूस जावा तसं. त्यांनी मान वर केली.

"मुंगे," ते हळू आवाजात म्हणाले, "आता कुणाची चाल?"

इंजिनिअर उठून उभा राहिला, आणि उठल्यावर त्याची नजर काचेवर गेली.

"काका, काचेत पाणी दिसत नाही."

"भरलंय," बाबा म्हणाले. "वरपर्यंत."

आदल्या आठवड्यात त्याने मान डोलावून पुढची चाल विचारली असती. आता त्याने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि खाली वाकून काचेखालचा कॉक उघडला. पाण्याचा थेंब आला नाही. कोरडी वाफ शिट्टी घातल्यासारखी सुटली.

मुंगीने बर्नरचं लाल बटण तळहाताने मारलं. घरघर थांबली. त्या शांततेत तिला पावलं ऐकू आली. बाबा उठून भिंतीकडे निघाले होते, जराही न अडखळता, कामाला निघालेल्या माणसासारखे. पाण्याच्या पंपाकडे. त्यांचा हात बटणापर्यंत पोचला तेव्हा तिने दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं.

"सोड! पाणी संपलंय, दिसत नाही का तुला? पाणी सोडायला हवं!"

"नाही, बाबा. आता नाही."

"अगं, पाणी!"

ते अजून ताकदवान होते. क्षणभर तिला वाटलं, आपल्याच्याने होणार नाही. मग इंजिनिअरने मागून येऊन भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढला, आणि पंपाचं बटण नुसतं बटण उरलं. बाबांनी ते दाबलं, दाबलं, आणि मग हात खाली घेतला.

तिघं बाहेर अंगणात आले. इंजिनिअर फोनवर ओरडत होता: वॉर्डातली मुलं पुढच्या इमारतीत न्या, लाँड्री रिकामी करा, आत्ताच्या आत्ता. बायका ओल्या चादरी टाकून बाहेर पडल्या आणि लांब फाटकाशी घोळका करून उभ्या राहिल्या. मुलांना उचलून, खाटांसकट, सलाईनच्या दांड्यांसकट बाहेर काढलं जात होतं. पत्र्याखाली लोखंड निवत होतं, टक्, टक्, टक्, मध्येच एखादा मोठा आवाज, की सगळे दचकायचे. असा बराच वेळ गेला. काही फुटलं नाही.

मग इंजिनिअर एकटा आत गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात घडी केलेला पुठ्ठा होता.

"हे स्विचमध्ये होतं."

"मी सकाळी काढला होता," मुंगी म्हणाली. तिच्याच्याने खोटं बोलवेना. "पुन्हा लावला असेल त्यांनी. मी रोज काढत होते."

"रोज?"

"हो."

तो तिच्याकडे असा बघत राहिला की तिला खाली बघावंसं वाटलं, पण तिने बघितलं नाही. पलीकडे एक परिचारिका दोन पोरांना दोन काखांत धरून पुढच्या इमारतीच्या पायऱ्यांवर उभी होती.

"तुम्हाला माहीत होतं," इंजिनिअर म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "हे पोटात ठेवून तुम्ही माझ्यासमोर बसलात, आणि मला बुद्धिबळ शिकवलंत?"

तिच्याकडे उत्तर होतं. बाबांचं नाव, ते वाक्य, ती चौकशी. मनातल्या मनात ते उत्तर तिने जुळवून पाहिलं, आणि ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

"तुम्ही नीट वागलात की नाही हे मी नाही ठरवणार," तो म्हणाला. "पण लिहिणार सगळं. काकांचं, आणि तुमचंही." मग भिंतीला टेकून बसलेल्या बाबांकडे बघून त्याने डोळे चोळले. "माझंही लिहावं लागेल. मुदतवाढीवर सही शुक्रवारीच केली होती मी."

तो निघून गेला. मुंगी बाबांजवळ जाऊन बसली. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, तळवे वर, काजळीने काळे. लाँड्रीच्या भिंतीतून येणारा रोजचा घरघराट बंद होता. ही जागा इतकी शांत असू शकते हे तिला माहीत नव्हतं.

"तू सांगितलंस त्याला," बाबा म्हणाले.

"हो."

त्यांनी मान हलवली. राग दिसला नाही. ते फाटकाकडे बघत होते. तिथे बायका अजून घोळक्याने उभ्या होत्या, कुणी जमिनीवर बसल्या होत्या.

"या बायका आज लवकर जाणार का गं घरी?"

"नाही बाबा, त्यांची पाळी संपायला वेळ आहे. का?"

"मग तू चल माझ्याबरोबर." त्यांनी तिचा हात धरला, अगदी सहज. "रस्ता दाखव. हल्ली मी त्यांच्या मागून जातो. त्या वळतात तिथे वळतो."